कॅमेरा 'होय म्हाराजा' म्हणत नाही

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव-गाव गाळून थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या बाईंचं वय ४३. नवरा बाग बघतो. ह्या घरी आमसुलं, आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस), आंबापोळी, कुळथाचं पीठ करून विकतात आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिने आईच्या मालासाठी इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलं आणि सांगितलं, "आई, तू बोल. लोक माणूस बघून माल घेतात." तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागलाय. फोन समोर लावला की तोंडाला कोरड पडते, आवाज भलताच बारीक निघतो, 'नमस्कार मित्रांनो' म्हटल्यावर पुढचं काही सुचत नाही. एका दुपारी १७ वेळा प्रयत्न केला आणि सगळे व्हिडिओ पुसून टाकले. स्वतःचा आवाज ऐकवत नाही. बोलण्यातला हेल जात नाही. जाऊबाईंनी फोन लावलेला बघून विचारलं, "आता काय शिनेमात जातलंस गो?" नवरा काही बोलत नाही, उठून बागेत जातो. बाईंचे प्रश्न तीन. हे अंगातच असावं लागतं का? एका ऑनलाइन वर्गाचे १२ हजार रुपये भरावेत का? की पुण्याची एखादी शुद्ध बोलणारी मुलगी व्हिडिओत घ्यावी आणि आपण मागे राहावं?

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात 'मला बोलता येत नाही' हे वाक्य मी मोजलं तर सात वेळा आहे. पण तिसऱ्या पानावर तुम्ही सहज एक प्रसंग लिहून गेलात. नाशिकचे पाहुणे जेवायला बसले होते, एकाने विचारलं की आगळ आणि कोकम सरबत यांत फरक काय, आणि तुम्ही भात वाढता वाढता त्यांना असं काही सांगितलंत की निघताना त्यांनी आगळाच्या सहा बाटल्या नेल्या. हे बोलता न येणाऱ्या बाईचं काम नाही. हा प्रसंग तुम्ही 'बोलणं' या खात्यात धरलाच नाही, कारण तुमच्या मते ते नुसतं वाढणं होतं. गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं.

आपल्याकडे गाऱ्हाणं घालताना तुम्ही लहानपणापासून बघत आला असाल. देवळात, नाहीतर कोणाच्या खळ्यात, गावकर नारळ हातात धरून उभा राहतो आणि "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतो. कागद नाही, पाठांतर नाही. कोण मुंबईहून आलंय, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कोणाच्या कलमांना मोहोर धरला नाही, सगळं ओळीने येतं. तो माणूस एरवी चारचौघांत दोन वाक्यं बोलणार नाही. मग तिथे एवढी सलग वाणी कुठून येते? त्याच्या प्रत्येक वाक्यामागे पंधरा-वीस माणसं "होय म्हाराजा" म्हणतात म्हणून. तो 'होय' त्याला पुढच्या वाक्यावर नेऊन सोडतो. उद्या त्याच गावकराला रिकाम्या खोलीत भिंतीसमोर उभा करा आणि गाऱ्हाणं घाल म्हणा. तोही तुमच्यासारखाच अडखळेल.

कॅमेरा 'होय म्हाराजा' म्हणत नाही. तुमची अडचण एवढीच आहे, आणि ती आत्मविश्वासाची नाही. आपण बोलतो तेव्हा समोरच्याचे डोळे, मान, 'हं', 'अगं बाई', मध्येच आलेला प्रश्न, यांच्यावर पाय ठेवत ठेवत पुढे जातो. फोनची काच यातलं काही देत नाही. बिनचेहऱ्याच्या काळ्या ठिपक्याशी बोलताना अंग आकसणं हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे. न आकसणारी माणसं असतात म्हणा, पण त्यातली बरीचशी समोर माणूस असतानाही त्याच्याकडे न बघताच बोलत असतात.

माझी गंमत सांगते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा निवृत्तीला थोडे महिने उरले होते. तीस वर्षं वर्गात मराठी शिकवलेली मी. आठवीचा एक धडा फोनवर रेकॉर्ड करून मुलांच्या ग्रुपवर टाकायचा होता. साडी नेसले, फळा पुसला, सुरुवात केली. दोन मिनिटांनी सवयीने विचारलं, "कळलं का रे?" आणि थांबले. कोणी 'हो बाई' म्हणेना. त्या शांततेत माझी जी गाळण उडाली, ती अजून आठवते. व्हिडिओत मी चक्क उत्तराची वाट बघत उभी आहे आणि मग खडू शोधायला चौकटीबाहेर गेले आहे. दुसऱ्या दिवशी शेजारचा नातू फोनच्या मागे स्टुलावर बसवला. पोरगं सहावीतलं, त्याला आठवीचं काही कळत नव्हतं. पण तो खोटं खोटं मान हलवायचा, आणि माझा धडा सुरळीत झाला.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की फोनसमोर एकट्या बसू नका. फोनच्या अगदी मागे, लेन्सच्या वर तोंड येईल असं कोणीतरी खरं माणूस बसवा, आणि ते तुमच्या मालाबद्दल खरंच काही विचारणारं असावं. खोलीवर उतरलेल्या पाहुण्यांतली एखादी बाई चालेल, वाडीतली शाळकरी मुलगी चालेल. कोणी नसेल तर मुलीला सांगा, 'मला व्हॉट्सॲपवर तुझ्या आवाजात पाच प्रश्न पाठव.' एक प्रश्न ऐकायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तिला उत्तर द्यायचं. 'आई, आमसुलं पांढरी का पडतात? ती खराब झाली असं समजायचं का?' हा प्रश्न कानात असताना तुमच्या तोंडून 'नमस्कार मित्रांनो' निघणारच नाही. तुम्ही म्हणाल, "अगं, ते मीठ वर येतं." झाला व्हिडिओ सुरू.

'नमस्कार मित्रांनो'शी माझं काही वैर नाही, पण ते तुमचं वाक्य नव्हे. तुम्ही पाहुण्याला दारात कधी 'नमस्कार मित्रांनो' म्हणता का? 'येवा, बसा, पाणी घेवा' म्हणता. उसनं वाक्य पहिल्यांदाच तोंडात घेतलं की पुढची सगळी वाक्यंही उसनी आणावी लागतात, आणि ती संपली की माणूस उघडा पडतो. तुमचं घोडं तिथेच अडतं. तेव्हा सुरुवात वस्तूपासून करा. हातात रातांबा घ्या, फोडा, रस बोटांवर येऊ द्या आणि त्या क्षणी जे बोलाल तिथून व्हिडिओ सुरू. आधीची खाकरणी, पदर सावरणं, 'चालू झालं का गो' हे सगळं मुलगी पुण्यात बसून कापून टाकेल.

हात कामात ठेवा, हे तर मी कितीही वेळा सांगेन. मोकळे हात कॅमेऱ्यासमोर फार जड होतात. कुठे ठेवावेत कळत नाही. तेच हात बी काढत असले, सालं रसात बुडवून सुपात पसरत असले, की जीभ आपोआप सुटते. तुम्ही जन्मभर हातांनी काम करता करताच बोलत आलात. शिवाय बघणाऱ्याची नजर निम्मी हातांकडे जाते आणि तुमच्या चेहऱ्यावरचा भार उतरतो.

पाठ मात्र करू नका. तुम्ही लिहिलंय की कागदावर लिहून, घोकून बघितलं आणि एक शब्द विसरला की सगळंच गेलं. तसंच होणार. पाठ केलेलं माळेसारखं असतं, एक मणी निसटला की दोरा मोकळा. आपल्या दशावतारी नाटकात काय होतं बघा. संवादांची लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, कोणानंतर कोणी यायचं, एवढं तोंडं रंगवायला बसताना ठरतं आणि पुढे पेटी-पखवाज-झांजेच्या साथीने सगळं उत्स्फूर्त. शब्द ठरलेले नसतात, वाट ठरलेली असते. (पहाटे तीन वाजता निम्मी जत्रा घोंगडी घेऊन झोपलेली असते आणि राजा तरीही तलवार उपसून दरडावत असतो. कमी व्ह्यूज आले म्हणून हिरमुसणाऱ्यांना हे दाखवायला हवं.) तुम्हीही आख्यान तेवढं ठरवा. आगळाबद्दल सांगायचंय ना? मग तीन थांबे मनात धरा: आगळ म्हणजे काय, सरबतापेक्षा वेगळं कसं, सोलकढीला किती घालायचं. मधली वाक्यं प्रत्येक वेळी वेगळी येतील. येऊ देत.

आता आवाज. 'माझाच आवाज मला किळसवाणा वाटतो' हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण मीही हे अगदी याच शब्दांत म्हटलेलं आहे. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांमधून थेट आत. हाडांतून येणारा भाग खर्ज भरतो, म्हणून आपल्याला आपला आवाज भरीव वाटतो. फोन फक्त हवेतला भाग टिपतो. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तो पातळ, परका, जणू कुणा दुसऱ्याचाच वाटतो. पण तुमच्या नवऱ्याने, मुलीने, नाशिकच्या पाहुण्यांनी आजवर ऐकला तो हाच हवेतला आवाज. सहा बाटल्या याच आवाजाने विकल्या. चेहऱ्याचंही असंच काहीसं. आरशात आपण स्वतःला उलटं बघत आलो, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातही बोलताना बहुतेक वेळा तीच आरशातली छबी दिसते, आणि साठवलेला व्हिडिओ सुलट आला की भांग चुकीच्या बाजूला, हसू तिरकं. बिघडलेलं काही नसतं, फक्त सवयीचं नसतं.

याला उपाय एकच, कानाला सवय लावणं, आणि तो फुकट आहे. आठवडाभर व्हिडिओ नकोच. रोज मुलीला टाइप करण्याऐवजी मिनिटभराचा आवाज पाठवा. आज काय केलंत, वारा कसा होता, मांजरीने काय सांडलं. पाठवलेला स्वतः एकदा ऐका. चौथ्या-पाचव्या दिवशी तो आवाज ओळखीचा वाटायला लागेल. त्यानंतर फक्त हात दिसतील असे व्हिडिओ, वर तुमचं बोलणं. चेहरा त्याच्या नंतर. आणि १७ वेळा करू नका, बाई! एका विषयाला तीनच वेळा. सतराव्या वेळेला माणूस बोलत नसतो, शिक्षा भोगत असतो. तिन्ही ठेवायचे, त्या दिवशी बघायचे नाहीत आणि पुसायचे तर मुळीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आधी आवाज बंद करून बघा, मग फोन पालथा घालून नुसता ऐका. दोन्ही एकत्र बघितलं की आपण स्वतःवर तुटून पडतो. वेगवेगळं बघितलं की काय सुधारायचं ते नेमकं दिसतं: इथे मी खाली बघत होते, इथे फार भरभर बोलले.

भरभर बोलण्याचा रोग कॅमेऱ्यासमोर सगळ्यांनाच होतो. छाती धडधडते, श्वास वरच्या वर राहतो आणि वाक्य संपवायची घाई होते. सुरू करण्याआधी दोन-तीन वेळा श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. कोमट पाण्याचा घोट घ्या. धडधड पूर्ण थांबायची वाट बघू नका, ती थांबत नाही. आणि ती तुम्हाला जेवढी जाणवते तेवढी बघणाऱ्याला दिसतही नाही.

हेलाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय आणि शेवटी 'शुद्ध बोलणारी मुलगी' आणायचं काढलंय. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नेली आणि घाटावरच्या लोकांनीही तिकिटं काढून ती ऐकली. तुमचा गिऱ्हाईक कोण ते जरा बघा. आगळ आणि कुळथाचं पीठ मागवणाऱ्यांत मुंबई-ठाण्याचे चाकरमानी किती असतील! त्याला तो हेल ऐकला की आजीचं माजघर आठवतं. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या मालाचं नाव कायद्यानेच या मातीशी बांधलं गेलं. बाटलीवर माती चालते आणि बाटलीमागच्या बाईच्या जिभेवर चालत नाही, असं कसं? रातांबो, सोलां (आमसुलं), मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) हे शब्द तसेच ठेवा. नाशिककराला कळावा म्हणून अर्थ एकदा सांगा आणि पुढे चला.

पण उलट बाजूही सांगते. मुद्दाम ठसका आणून, दर वाक्याला 'गो' आणि 'मेल्या' घालून बोलायला लागलात, तर तेही नाटकच. आजकाल ते फार दिसतं आणि मला त्याचा कंटाळा येतो. तुम्ही पाहुण्यांशी बोलता ती भाषा अर्धी पुस्तकी, अर्धी घरची असते. ती सराईत आहे. तीच वापरा. पुण्याच्या मुलीला रातांबा कधी तोडायचा ते ठाऊक नसणार. ती सुंदर बोलेल आणि पहिल्या उलट प्रश्नाला गप्प होईल.

आता जाऊबाई. मला राहून राहून वाटतं की तुमची खरी भीती कॅमेऱ्याची नाहीच. अनोळखी दहा हजार माणसांनी बघितलं तर तुम्हाला फरक पडणार नाही. वाडीतल्या दहा घरांनी बघितलं तर पडतो. कॅमेऱ्याची भीती आणि माणसांची लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. त्याला वाटायचं, जवळजवळ निम्म्या लोकांच्या हे लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलेलं असायचं. लोक आपल्याकडे आपण समजतो त्याच्या निम्म्यानेच बघत असतात. हे ऐकून शहरातल्या माणसाला धीर येतो. तुम्हाला यावा असं मी म्हणणार नाही, कारण कॉलेजची खोली म्हणजे वाडी नव्हे. वाडीत बघतात. बघतात, लक्षात ठेवतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला काढतात. त्याला 'दुर्लक्ष करा' म्हणणं सोपं आहे. ज्यांना रोज त्याच विहिरीवर जायचं नसतं ते म्हणतात.

तेव्हा दुर्लक्ष नको, सामील करून घ्या. रातांबे फोडायला तुम्ही एकट्या बसत नसालच. ज्या दिवशी चार बायका बसतील त्या दिवशी फोन लावा आणि जाऊबाईंनाच विचारा, "तुमची आई मुठेल कसा काढायची?" भेगांच्या टाचांना लावायचा तो मुठेल, गोळा वळून ठेवलेला, शहरातल्या निम्म्या लोकांनी बघितलेलाही नसतो. त्या बोलल्या तर उत्तम. 'माका नको' म्हणून पदराआड गेल्या तरी एक गोष्ट घडेल, टोमणा मारायची जागा त्यांच्याकडे उरणार नाही. पण त्यांना न विचारता त्यांचा चेहरा टाकायचा नाही, हे पक्कं. आणि पहिला महिना व्हिडिओ पेजवर घालूच नका. आधी मुलगी, मग बहीण, मग जुने चार पाहुणे, असा परीघ वाढवत न्या. मासे गळाला लागायच्या आधी खाडीत सगळ्यांना सांगत फिरायची काही गरज नसते.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. 'काही बोलत नाहीत, उठून बागेत जातात.' ती तुम्ही नाराजी म्हणून वाचलीत. असेलही. पण मला दुसरी शक्यता दिसते, की त्यांनाही वाटतंय आपल्याला बोलायला लावतील! एकदा सरळ सांगून बघा, "फोन जरा धरा, माझा हात रातांब्यात आहे." धरला तर तुम्हाला 'होय म्हाराजा' म्हणणारं माणूस घरातच मिळालं. नाहीच धरला, तर काय खुपतंय ते एकदा मोकळेपणी विचारा. बायको कुणाकुणाच्या फोनवर दिसेल, नको ते मेसेज येतील, ही काळजी असेल तर ती खोटी नाही. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या, घरचा नंबर आणि घराची वाट व्हिडिओत सांगू नका, खोलीवर येणाऱ्यालाच पत्ता पाठवा, आणि पेजवरच्या कमेंट मुलीला बघू द्या. तुम्ही त्या वाचायलाच हव्यात असं नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मी विचारते: चेहरा दिसायलाच हवा का? नाही. नुसते हात आणि आवाज यांवरही माल जातो. पण खोल्यांचं गणित वेगळं आहे. अनोळखी घरात बायकापोरं घेऊन राहायला येणारा माणूस आधी घरधनीण कशी आहे ते बघतो. म्हणून मला वाटतं, मालासाठी हात पुरेत, खोल्यांसाठी वर्षातून दोन-तीनदा चेहरा दाखवा. एवढाच भार घ्या. रोज रील टाकायचं ओझं मुलीने घातलं असेल तर तिला सांगा, आईला आमसुलंही वाळवायची आहेत.

सामानाचं चटकन सांगते. तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. पडवीत खळ्याकडे पाठ करून बसलात तर मागचा उजेड धरून फोन तुमचा चेहरा काळा करतो. चिऱ्याच्या भिंतीपुढे गडद साडी बुडून जाते. फोन डोळ्यांच्या उंचीला हवा, पाटावर उपडा टोप ठेवून त्यावर टेकवला तरी चालतो. मागचा कॅमेरा वापरा, म्हणजे स्वतःचा चेहरा बघत बसायला होणार नाही. चुलीपाशी असाल तर लेन्स आधी पुसून घ्या, वाफेने धुरकट होते. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि किनाऱ्यावर वारा सगळं बोलणं खाऊन टाकतो. दर्यावर उभं राहून बोलायची हौस नंतर. पंखा बंद. फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन रंगात बँकेचा फोन येतो. माइक पदराला लावलात तर घासतो, ब्लाउजच्या काठाला लावा. काचेच्या बांगड्या माइकजवळ किणकिणतात, पण बांगड्या काढा असं मी सांगणार नाही, हात जरा लांब ठेवा. आणि मृग लागला, पत्र्यावर सर वाजायला लागली, की रेकॉर्डिंग विसरा. तोवर जेवढे होतील तेवढे करून ठेवा.

वर्गाचे १२ हजार भरू नका. त्यांतल्या थोड्याच पैशांत कपड्याला लावायचा साधा माइक आणि स्टँड येईल, उरलेल्यात बाटल्या घ्या. अशा वर्गांत शिकवतात ते वाईट असतं असं नाही, पण तिथून बहुतेक लोक एकसारखं बोलत बाहेर पडतात, आणि तुमच्याकडे विकण्यासारखं जे आहे ते एकसारखं नाही.

अशी पत्रं अजून दोन-तीन आली आहेत, त्यांनाही इथेच सांगते. बचत गटाचा व्हिडिओ मागितलाय म्हणून रडकुंडीला आलेल्या ताई, अध्यक्ष म्हणून तुम्हीच बोललं पाहिजे असं नाही; जी पापड लाटते तिला लाटताना विचारा. ऑनलाइन मुलाखतीला बसणाऱ्या कुडाळच्या मुला, तुझं थोडं निराळं आहे. तिथे समोर माणूस आहे, फक्त खिडकीत बसलाय. स्वतःचं चित्र लपवायची सोय असेल तर लपव, त्यांची खिडकी ओढून कॅमेऱ्याच्या जवळ आण, म्हणजे त्यांच्याकडे बघितलंस तरी कॅमेऱ्याकडे बघितल्यासारखं दिसेल. तिथे प्रमाण मराठी किंवा जी भाषा मागतील ती बोल, पण हेल लपवण्यात शक्ती घालवू नकोस. आणि ज्या मुलीने लिहिलंय की कॅमेराच काय, बँकेत नाव विचारलं तरी घाम फुटतो, फोन वाजला की पोटात गोळा येतो, ओळखीच्यांकडेही जाणं टाळते, तिने माझ्या युक्त्या बाजूला ठेवाव्यात. ही धास्ती औषधाने आणि बोलण्याने बरी होते, त्यासाठी डॉक्टर असतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि बाई, आता माझी अडचण ऐका. गेल्या वर्षी मी स्वतः आगळ घातलं. काचेची बरणी, धुऊन उन्हात वाळवलेली, रातांबे ताजे. पंधरा दिवसांनी वर पांढरा थर आला. बहीण म्हणते मीठ कमी पडलं, शेजारीण म्हणते बरणीत ओल होती, मी म्हणते रातांब्यांतच पाणी होतं, कारण मध्ये एक वळवाची सर पडून गेली होती. कोणाचं खरं? मीठ मापाने किती घालायचं, आणि सर पडून गेल्यावर तोडलेले रातांबे आगळाला चालतात का? पत्राने कळवू नका. फोन टोपावर टेकवा आणि मला सांगा.